पाण्याच्या वाटेने हंपी

हंपी बघायला दोन दिवस पुरतात, असं बहुतेक जण सांगतात. विरूपाक्षाचं देऊळ, दगडी रथ, कमळमहाल, हत्तींचे तबेले, मातंग टेकडीवरून सूर्योदय आणि संध्याकाळी परतीची गाडी. निवृत्तीनंतर एकदा आम्हीही एका यात्रा कंपनीच्या बसमधून असंच हंपी बघून आलो होतो. तेव्हा विठ्ठल मंदिराकडे जाताना वाटेत दगडी खांबांवरून गेलेली एक पन्हळ दिसली. जरा थांबवा म्हणेपर्यंत बस पुढे गेलेली होती. ती पन्हळ डोक्यातून गेली नाही. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, बरीच वर्षं उजनीच्या कालव्यांवर गेली. पाणी वर चढवून, खांबांवरून न्यायला किती खटाटोप लागतो हे मला ठाऊक आहे. धोंड्यांच्या या मुलखात एवढं मोठं शहर वसलं, वाढलं, त्याला पाणी कुठून आणि कसं येत होतं, हे पायी फिरून बघायचंच असं ठरवलं. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं गेलो आणि महिन्याचा बराचसा भाग तिथंच राहिलो.

सोलापूरहून जायचं तर गदगकडची रेल्वे सोयीची. विजयपूर, बागलकोट, बदामीवरून ती जाते, आणि गदगला गाडी बदलली की होसपेट. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद झाली, ती काही परत आली नाही. तरीही रेल्वेच बरी, कारण मध्ये उतरता येतं. आम्ही विजयपूरला मुक्काम केला, गोलघुमट पुन्हा एकदा निवांत बघितला. सोलापूरकराने हंपीला विजयपूरवरून जावं असं मला वाटतं, त्याला कारण आहे. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या शाह्या एकत्र आल्या, तेव्हा अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला. ज्या किल्ल्याच्या बागेत आम्ही रोज सकाळी फिरायला जातो, तो या तहातलं नाणं होता. पुढे जानेवारी १५६५ मध्ये लढाई झाली, विजयनगरचा कारभार हाती असलेला रामराय मारला गेला आणि राजधानी, म्हणजे आजची हंपी, लुटली गेली. हंपीत जे पडलेलं दिसतं त्याचा एक धागा आमच्या घराजवळून जातो, हे मनात ठेवून मी तिथं फिरलो.

मुक्कामाला आम्ही कमलापूर निवडलं. होसपेटला हॉटेलं भरपूर, पण रोजची ये-जा होते. हंपी गावात सगळं दारात असतं, पण गर्दीही दारातच. कमलापूरला एका घरात खोली मिळाली. सकाळी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी. सौ.ला घर सोडल्यासारखं वाटलंच नाही. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते शुक्रवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवायचं. नव्या माणसाने सगळ्यात आधी तिथंच जावं. अंगणात हंपीच्या सगळ्या परिसराची प्रतिकृती केलेली आहे: तुंगभद्रा नदी, टेकड्या, तटबंदी, देवळं, रस्ते. मी त्या प्रतिकृतीभोवती अर्धा दिवस काढला. उंच भाग कुठला, सखल कुठला, नदी कुठून येते, तळं कुठं, महाल कुठं, हे एकदा नजरेत बसलं की बाहेर पडल्यावर वाट चुकत नाही. त्यातही कमलापूरचं मोठं तळं राजवाड्याच्या भागापेक्षा उंचावर आहे, हे तिथं कळतं आणि पुढचं बरंच कोडं त्यानेच सुटतं.

आमचा दिनक्रम ठरून गेला होता. उजाडता उजाडता बाहेर, अकराच्या आत परत, जेवण, झोप, आणि चारनंतर पुन्हा बाहेर. डिसेंबरातही दुपारचं ऊन त्या धोंड्यांवर तापतं आणि तिथून अंगावर येतं, म्हणून दुपार घरातच काढायची. अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. घडीचं छोटं स्टूल, काठी, पाण्याची बाटली, टोपी, छोटी दुर्बीण आणि बॅटरी एवढं पिशवीत. सौ.च्या गुडघ्यांचं दुखणं जुनं, त्यामुळे ती जिथं बसेल तिथं मीही बसायचं. बसल्यावरच पुष्कळ दिसतं. एक रिक्षावाला मुलगा पहिल्या दिवशी मिळाला तोच शेवटपर्यंत राहिला. तो अर्ध्या दिवसाचे पैसे घ्यायचा आणि घाई कधी करायचा नाही. दोन-तीन दिवसांनी तर तोच विचारायला लागला, “आज नीरु कडे की देवरु कडे?” म्हणजे आज पाणी बघायचंय की देव. सौ. देवाकडे, मी पाण्याकडे, असं आमचं त्याने पक्कं ओळखलं होतं.

राजवाड्याच्या आवारात आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. महानवमी डिब्बा, म्हणजे तो उंच दगडी चौथरा, पहिल्या सकाळी चढून झाला. त्याच्या अंगावर हत्ती, घोडे, उंट, शिकारी, नाचणाऱ्या बायका, परदेशी व्यापारी असं सगळं कोरलेलं आहे. सौ. ते रांगेने वाचत गेली. मी वर उभा राहून खाली बघत होतो. वरून सगळं आवार नकाशासारखं दिसतं: जोतीच जोती, भिंतींच्या खुणा, आणि त्यांच्यामधून सरळ रेषेत गेलेली दगडी पन्हळ.

ही पन्हळ मी इतक्या जवळून बघितली की पहारेकऱ्याला संशय आला असावा. खालचे खांब साधे, घडीव, ओबडधोबडच म्हणता येतील असे. वरच्या लांब दगडांना मधोमध खाचून नाली केलेली. एक दगड संपतो तिथं दुसरा इतका नेमका भिडवलेला आहे की सांधा हाताला लागतो, डोळ्याला लागत नाही. काही सांध्यांत चुन्याचे अवशेष आहेत. मी स्टुलावर बसून नालीच्या कडेला डोळा लावून उतार बघितला. उतार आहे, पण अगदी अल्प. उतार जास्त दिला तर पुढच्या टोकाला उंची उरत नाही, आणि कमी पडला तर पाणी साचून गाळ धरतं. आम्ही डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण लावून, पुन्हा पुन्हा तपासून हे करत होतो. आमच्याकडे शंभर शंभर मीटरला दगड रोवून लेव्हल घ्यायचो. इथं पन्नास-साठ पिढ्या नव्हे, पण पाचशे वर्षं तरी हा उतार जमिनीवर तसाच उभा आहे. ज्यांनी तो घातला त्यांची नावं कुठं नाहीत. मला खरंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पन्हळ जाते ती पायऱ्यांच्या पुष्करणीकडे. हंपीतली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. १९८० च्या दशकातल्या उत्खननात ती मातीखालून बाहेर आली. काळ्या दगडाची, चौकोनी, पाच टप्प्यांत खाली गेलेली. प्रत्येक टप्प्यावर लहान लहान पायऱ्यांचे त्रिकोण असे बसवलेत की ऊन तिरपं झालं की सगळी पुष्करणी सावल्यांनी भरून जाते. आसपासच्या ग्रॅनाइटपेक्षा हा दगड वेगळा आहे. आणि त्यातल्या दगडांवर गवंड्यांच्या खुणा कोरलेल्या आहेत: कुठल्या दिशेचा दगड, कितव्या थराचा. कोपऱ्यातल्या खालच्या थरावर त्या खुणा मी दुर्बिणीतून शोधत बसलो. सगळे दगड दुसरीकडे घडवून, खुणा करून, इथं आणून फक्त जोडले असणार. आमच्याकडे धरणाच्या दरवाजांचे भाग कारखान्यातून नंबर टाकून यायचे आणि साइटवर तसेच जोडायचे, अगदी तीच पद्धत. सौ. म्हणाली, “अहो, किती वेळ बघणार? उद्या परत यायचंच आहे की.” आणि आम्ही खरंच दुसऱ्या दिवशी परत गेलो. सकाळच्या उन्हात वेगळ्या बाजूच्या खुणा दिसतात.

इराण-हेरातच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर रज्जाक १४४३ मध्ये इथं आला होता. राजवाड्याजवळ घडीव, गुळगुळीत दगडांच्या नाल्यांतून पाणी खेळत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. त्या नाल्यांचे तुकडे आजही जागोजाग पडलेले आहेत. एका ठिकाणी तर पाण्याच्या नालीच्या दोन्ही कडांना दगडात ताटं कोरलेली आहेत, वाट्यांच्या खळग्यांसकट. जेवायला बसायचं आणि शेजारून पाणी वाहत जायचं. राणीचं स्नानगृह जवळच आहे. बाहेरून अगदी साधी चौकोनी इमारत, आत गेलं की मधोमध उघडा हौद, भोवती कमानींचा सोपा, पाण्यावर आलेले झरोके. हौदाला पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं ते मी शोधून काढलं. कमळमहाल आणि हत्तींचे अकरा घुमटांचे तबेले देखणे आहेत, त्याबद्दल सगळेच लिहितात. मला त्याच भागातलं जमिनीखालचं शिवमंदिर जास्त भावलं, कारण गाभाऱ्याशी तिथं पाणी साचलेलं होतं आणि खांबांची प्रतिबिंबं त्या अंधारात हलत होती.

पण हंपीचं खरं पाणी राजवाड्यात नाही, ते केळीच्या बागांत आहे. कृष्ण मंदिराकडून खाली उतरलं की एकदम हिरवंगार होतं. एका बाजूला तांबूस धोंड्यांचे डोंगर आणि पायथ्याशी केळी, भात, ऊस. या हिरवाईला पाणी देणारा तुर्तू कालवा विजयनगरच्या काळातला आहे आणि आजही वाहता आहे. हंपीच्या वरच्या अंगाला नदीवर बंधारा घालून हे पाणी वळवलं गेलं, आणि डोंगरांच्या कडेकडेने, धोंड्यांना वळसे घालत ते शहराच्या मधल्या दरीतून खेळवलं. मी काठी टेकत त्याच्या काठाने बराच चाललो. काही ठिकाणी हल्लीचं काँक्रीटचं अस्तर आहे, पण वळणं जुनीच. सरळ रेषा कुठंच नाही. जमिनीची समपातळी जशी जाते तसा कालवा जातो. मोठा धोंडा आडवा आला तर त्याला फोडण्याऐवजी त्याचीच एक भिंत करून घेतलेली. असा कालवा आखायला जमीन पायाखाली पुरती माहीत असावी लागते.

उग्र नरसिंहाची ती प्रचंड मूर्ती १५२८ ची, एकाच धोंड्यातून घडवलेली, आणि शेजारी बडवीलिंग. लिंग साधारण दहा फूट उंच, आणि गाभाऱ्यात कायम पाणी. लोक आत नाणी टाकतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. मी देवळाच्या मागं जाऊन बघितलं. कालव्याचंच पाणी आत घेतलेलं आहे. शेताला जाणाऱ्या पाण्याने आधी देवाचे पाय धुवायचे, असा तो सगळा बेत. सौ. हात जोडून उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “तुमच्या उजनीवर असं एखादं देऊळ का नाही बांधलं हो?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कालव्याच्या काठावर एका केळीच्या बागेत एक म्हातारे गृहस्थ दारं धरत होते. हातात खोरं, गुडघ्यापर्यंत धोतर वर. ते एका वाफ्याचं दारं मोडत आणि दुसऱ्याचं मातीने बांधत होते. माझ्या आजोळी अक्कलकोटकडे कन्नड बोलतात, त्यामुळे मोडकंतोडकं का होईना, मला येतं. मी काठावरूनच विचारलं, “अज्जा, पाण्याची पाळी किती दिवसांची?” त्यांनी खोरं टेकवलं. कुठून आलात, काय करता, मुलं कुठं, सगळी चौकशी झाली. मी कालव्यावर नोकरी केली म्हटल्यावर चेहरा खुलला. मग त्यांनी मला पाणीवाटपाची सगळी रीत सांगितली: धरणातून पाणी कधी सुटतं, उन्हाळ्यात कालवा कधी बंद ठेवतात, गाळ कोण काढतं, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून भांडणं कशी होतात. शेपटाकडच्या शेतकऱ्याचं रडगाणं उजनीला ऐकलं तेच इथंही ऐकलं. मी म्हटलं, हे तर आमच्याकडचंच. ते म्हणाले, “यजमान, राजाच्या वेळेलाही असंच असेल. पाणी वरनं खाली येतं, माणूस मध्ये उभा असतो.” आणि घडावरची दोन केळी तोडून आमच्या हातात दिली. त्यांच्या बांधावर आम्ही तासभर बसलो. नंतर जवळून गेलो की ते लांबूनच हात वर करायचे.

पाचशे वर्षांच्या कालव्यावर आजही पाणी सुटतं, पाळी ठरते, भांडण होतं, ही गोष्ट मला दगडी रथापेक्षा कितीतरी मोठी वाटते. १९८६ पासून हंपी जागतिक वारशात आहे. देवळांच्या भोवती साखळ्या लागल्या, पाट्या लागल्या, ते योग्यच आहे. पण कालव्याचा काठ धरून कुणी प्रवासी चालताना मला दिसला नाही. तिथंही एखादी पाटी लागावी, शाळेच्या सहली त्या काठाने न्याव्यात, असं फार वाटतं.

सौ.साठी हंपी म्हणजे विठ्ठल मंदिर. तिचं माहेर पंढरपूरचं. लहानपणापासून तिने ऐकलेलं असं की कृष्णदेवरायाने पांडुरंगाला पंढरपूरहून विजयनगरला नेलं, आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास त्याला परत घेऊन आले. इतिहासाच्या पुराव्यावर यातलं किती टिकतं यात मी पडत नाही. वारकऱ्यांच्या मनात ती गोष्ट जिवंत आहे, एवढं पुरे. मंदिराकडे जायला गाड्या लांब थांबवतात आणि पुढे बॅटरीवरच्या छोट्या गाड्या नेतात. त्या तिथल्या मुली चालवतात. आमची गाडी चालवणारीने विचारलं, “अम्मा, तुम्ही पंढरपूर?” सौ. हो म्हणाली. तर ती म्हणे, तिची आजी दरवर्षी आषाढीला जायची. मग काय, गाडी थांबली तरी दोघींचं बोलणं संपेना, एक हिंदीतून आणि एक मराठीतून.

दगडी रथाभोवती पन्नासची नोट हातात धरून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. २०१७ पासून हा रथ त्या नोटेवर आहे. रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ, समोरच्या देवाकडे तोंड करून उभं. सूर निघणारे खांब आता लांबूनच बघायचे, हात लावायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. सौ. या कशाकडेही वळली नाही. ती सरळ गाभाऱ्याकडे गेली. गाभारा रिकामा आहे. मूर्ती नाही, समई नाही, तुळस नाही. आत अंधार, आणि गाभाऱ्याभोवती खालच्या अंगाने फिरणारी प्रदक्षिणेची अरुंद वाट. ती बॅटरी घेऊन एकटी त्या वाटेने फिरून आली. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “बरं झालं हो भानुदासांनी नेलं ते. इथं त्याच्याजवळ कोण राहिलं असतं?” मी काही बोललो नाही. रामराय पडल्यानंतर या रस्त्यांवर काय झालं असेल ते दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं.

त्या दिवशी परत जाताना बॅटरीची गाडी घेतली नाही. नदीकाठाने पायवाट आहे, विठ्ठल मंदिराकडून विरूपाक्षाकडे येणारी. ही वाट ज्याने चालली नाही त्याने हंपी अर्धीच बघितली असं मी म्हणेन. आधी पुरंदरदासांचा मंडप, थेट नदीपात्रात. ‘पुरंदर विठ्ठल’ ही त्यांची नाममुद्रा. पंढरीच्या विठोबाचं नाव घेऊन कन्नडात एवढं गाणारा माणूस या काठावर बसायचा. जवळच नदीत जुन्या पुलाचे दगडी खांब ओळीने उभे आहेत, वरचं सगळं केव्हाच गेलेलं. पुढे अच्युतरायाच्या मंदिराचा रुंद ओस बाजार, मग कोदंडरामाचं देऊळ आणि चक्रतीर्थाचा डोह. काठच्या सपाट कातळावर ओळीने शेकडो शिवलिंगं कोरलेली आहेत. पावसाळ्यात पूर चढला की ती पाण्याखाली जातात. आम्ही थांबत, बसत, सबंध सकाळ त्या वाटेवर घालवली. तरुण माणूस ती अर्ध्या तासात संपवेल.

बसल्या बसल्या मी सौ.ला सांगितलं की हे समोरचं पाणी आणि चंद्रभागेचं पाणी शेवटी एकाच नदीत जातं. भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि तुंगभद्रा पुढे कर्नूलजवळ. आयुष्यभर मी नकाशावर ही नदीखोरी बघितली. तिला हे ठाऊक नव्हतं. तिने लगेच खाली उतरून पाण्याला हात लावला.

विरूपाक्षाच्या देवळात मात्र देव आहे, पूजा आहे, घंटा आहे, लग्नाची वऱ्हाडं आहेत. सगळं शहर ओस पडलं तरी ही पूजा चालूच राहिली असं तिथले लोक सांगतात. गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, छोट्या झरोक्यातून आलेल्या उजेडाने. शाळेत शिकवलेलं सूचिछिद्र कॅमेऱ्याचं तत्त्व, दगडातलं. रंगमंडप कृष्णदेवरायाने १५१० च्या सुमारास, राज्याभिषेकाच्या निमित्ताने बांधला. त्याच्या छतावरची चित्रं बघायला मान दुखते, म्हणून तिथं खांबाला टेकून बसावं. मातंग टेकडी आणि अंजनाद्रीच्या पाचशेहून अधिक पायऱ्या आम्ही सोडून दिल्या. संध्याकाळी हेमकूटवर मात्र रोज गेलो. चढ सोपा, कातळ रुंद, जुनी छोटी देवळं, आणि खाली विरूपाक्षाचं गोपूर. साठीच्या पुढच्या माणसाला हंपीत संध्याकाळ घालवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आनेगुंदीला एक दिवस गेलो. नदी गोल टोपलीसारख्या होडीतून ओलांडली. पोर्तुगीज प्रवासी पेस इथं १५२० च्या सुमारास आला तेव्हाही लोक अशाच गोल टोपल्यांतून नदी पार करत, असं त्याच्या वर्णनात आहे. गाव शांत आहे. केळीच्या सालाच्या धाग्यांपासून बायका पिशव्या, चटया विणतात. सौ.ने सुनेसाठी एक पिशवी घेतली.

पेसनेच लिहिलेली दुसरी गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. दोन डोंगरांच्या खिंडीत भराव घालून कृष्णदेवराय एक प्रचंड तलाव बांधत होता. पंधरा-वीस हजार माणसं कामावर, मुंग्यांसारखी, जमीन दिसू नये इतकी. भराव दोन-तीनदा फुटला. मग पुरोहितांना विचारून नरबळी दिले, असं तो लिहितो. कामाला जोआओ द ला पोंते नावाचा पोर्तुगीज गवंडी मदतीला होता, हे नंतर आलेल्या नुनिझ या दुसऱ्या पोर्तुगीजाने नोंदवलं आहे. होसपेटच्या बाजूचा हा तलाव. मी त्या दिशेच्या खिंडीकडे बराच वेळ बघत होतो. मातीचा भराव फुटतो तो बहुतेक वेळा पायातल्या पाझराने, नाही तर सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, अपुरा पडून माथ्यावरून पाणी गेल्याने. हे आज पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. ते ठाऊक नव्हतं म्हणून माणसं कापली गेली. ज्या विजयनगरची पुष्करणी बघून मी हरखलो होतो त्याच विजयनगरच्या तलावाची ही हकीकत. दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

शेवटचे दिवस मी तुंगभद्रा धरणासाठी राखून ठेवले होते. होसपेटजवळचं हे धरण १९५३ मध्ये पुरं झालं, चुना-सुरखीच्या बांधकामाचं, तेहतीस दरवाजांचं. ऑगस्ट २०२४ मध्ये धरण भरलेलं असताना एकोणीस नंबरचं दार साखळी तुटून वाहून गेलं. बातमी आली तेव्हा मी सोलापुरात टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. वाहत्या पाण्यात तिथं तात्पुरते पोलादी ठोकळे उतरवून पाणी अडवलं गेलं. ज्याने धरणावर पावसाळ्याची एक रात्र काढली आहे त्यालाच त्या कामाची भीती कळेल. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. विजयनगरचे जुने कालवे आता या धरणाच्याच पाण्यावर जगतात, म्हणजे ते एक दार गेलं तेव्हा माझ्या त्या केळीवाल्या अज्जांचा घासही टांगणीला लागला होता. त्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की त्या रात्री गावात कुणी झोपलं नाही.

परत आल्यावर वहीत काढलेल्या पन्हळीच्या, पुष्करणीच्या आणि कालव्याच्या वळणांच्या आकृत्या नीट करून ठेवल्यात. खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवल्या. त्यातले दोघं सपत्नीक यायला तयार झालेत. पुढच्या हिवाळ्यात बीदर ठरलंय. बहमनींच्या काळात नौबादला जमिनीखालून बोगदा खणून, ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडून पाणी आणलं होतं, तो कारेझ बघायचाय. सौ.ने आताच बजावून ठेवलंय की तिथंही दुपारी चारच्या आत घराबाहेर पडायचं नाही, आणि गाणगापूर वाटेवरच आहे, तेव्हा दत्ताचं दर्शन आधी.